राजापूरचे खासदार आणि भुसावळचा बर्थ

भौतिकवाला (धागाकर्ता)

मागच्या रविवारी जुन्या बॅचच्या पोरांनी शेतावर भरीत पार्टी ठेवली होती. मी ३१ वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. एक जुना विद्यार्थी, सध्या राजकारणात बऱ्यापैकी स्थिरावलेला, मला म्हणाला, "सर, पुढच्या वेळी शिक्षक मतदारसंघातून उभे राहाच. प्राध्यापक माणूस पाहिजे राजकारणात." मी म्हटलं, "अरे, मला स्टाफरूमच्या चहाचा हिशोब कधी जमला नाही." सगळे हसले, पुऱ्या आल्या, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. प्राध्यापक राजकारणात गेला तर नेमकं काय घेऊन जातो? भाषण? ते तर आता सगळ्यांनाच येतं.

या प्रश्नाला माझ्यापुरता एकच चेहरा समोर येतो, तो म्हणजे मधू दंडवते. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगरचा. एम.एस्सी. फिजिक्स. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथे हे फिजिक्स शिकवायचे, पुढे उपप्राचार्य झाले. शिकवायचा विषय अणुकेंद्राचा आणि वर्गाबाहेरचा उद्योग समाजवादी पक्षाचा. विद्यार्थिदशेत ४२ची चळवळ, १९५५ला गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला. मग संयुक्त महाराष्ट्र, मग भूमिमुक्ती आंदोलन. १९७० साली विधान परिषदेवर गेले. १९७१च्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै अचानक गेले, त्यांच्या राजापूर मतदारसंघात दंडवते उभे राहिले आणि इंदिरा लाटेत निवडून आले. तिथून सलग पाच वेळा: ७१, ७७, ८०, ८४, ८९. ज्या ८४ साली महाराष्ट्रात काँग्रेसपुढे भलेभले आडवे झाले, त्या ८४लाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं नगर-मुंबई-कोकण झालं. खान्देशचा काय संबंध? तर मी भुसावळकर. मार्च १९७७ ते जुलै १९७९ हा माणूस रेल्वेमंत्री होता, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम आला तो त्याच्या काळात. तेव्हा मी कॉलेजात होतो. पाठीला फरक कळला होता हे मी शपथेवर सांगतो. बाकी तुम्ही बोला. दंडवते कुणाला कशाने आठवतात? आणि आज आपल्याकडे असा माणूस निवडून येईल का?

लोकोशेड

सर, धागा काढल्याबद्दल धन्यवाद. फोमची गोष्ट सगळेच सांगतात, आमच्या भुसावयात त्याआधीची सांगतात.

मे १९७४चा संप. ८ तारखेला सुरू झाला, २७ला मागे घेतला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी, देशभर १७ लाखांच्या आसपास कामगार. भुसावळ म्हणजे रेल्वेच, त्यामुळे गावात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. संप फसल्यावर हजारो लोक कामावरून गेले. मी तेव्हा सात वर्षांचा. आमच्या चाळीत एका घरी दुपारी चूल पेटायची नाही एवढंच कळायचं. आई वाटीत पीठ द्यायची आणि वर म्हणायची, "उसनं दिलंय म्हणून सांग, नुसतं दिलं म्हणू नको."

७७ला जनता सरकार आलं आणि रेल्वेमंत्री दंडवते. संपात गेलेल्यांना परत घ्यायचा निर्णय झाला. त्या घरातले काका ज्या दिवशी डबा घेऊन शेडला निघाले, त्या दिवशी त्यांच्या बायकोने आईला पीठ परत आणून दिलं. तीन वर्षांचं! आई म्हणे, अगं एवढं कुठं होतं. त्या म्हणाल्या, "मी मोजलंय."

राजापूर कुठे आहे हे आमच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं बाप्पा. दंडवते मात्र ठाऊक होते.

पुण्याची_खान्देशी

लोकोशेड दादा, पीठ वाचून गलबलले.

दोन बारीकसारीक गोष्टी. एक, थर्ड क्लास हे नाव दंडवत्यांच्या आधीच, १९७४ साली गेलं होतं. नाव गेलं, फळी राहिली. म्हणजे तिसऱ्याला दुसरा म्हणायला लागले आणि पाठ तशीच. दंडवत्यांनी फळीकडे बघितलं. दुसरी, त्यांनी १९७७च्या डिसेंबरात गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली, मुंबई-हावडा. तिला फर्स्ट क्लासच नव्हता. सगळी गाडी एकाच वर्गाची. लांब पल्ल्याची वेगवान गाडी म्हणजे साहेब लोकांची, हा समज त्यांनी तिथे मोडला. आणि ती गाडी आपल्या भुसावळवरून जाते हो सर, ते कसं विसरलात!

आता गीतांजलीला एसीचे डबे आहेत. वर्ग परत आले. असो.

भौतिकवाला

ताई, विसरलो नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. (खोटं बोलतोय, विसरलो होतो.)

फोमबद्दल एक सांगतो. मी वर्गात दाब शिकवताना हे उदाहरण द्यायचो. वजन तेच, पण कठीण फळीवर ते चार-दोन हाडांवर येतं: खांदा, कंबर, टाच. मऊ पृष्ठभाग शरीराच्या आकाराने दबतो, टेकण्याचं क्षेत्रफळ वाढतं, दाब कमी होतो. एवढंच. आठवीचं फिजिक्स. मंत्र्याला ते माहीत असणं यात विशेष नाही. दुसऱ्या वर्गाने २० तास प्रवास करणाऱ्याच्या कंबरेला ते लावून बघावंसं वाटणं, हे विशेष.

तटस्थ_राहिलो

भक्तीचा धागा होऊ नये म्हणून मीठ टाकतो.

दंडवते सज्जन होते, साधे होते, संसदेत अभ्यास करून बोलायचे, सगळं मान्य. पण माणूस चांगला म्हणून धोरण चांगलं होत नाही. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० ते अर्थमंत्री होते. त्या सरकारने १० हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ केली. २ ऑक्टोबर १९८९ला जे थकीत, ते माफ. ज्याने वेळेवर भरलं त्याला काय? शून्य. देशपातळीवरची ती पहिली मोठी कर्जमाफी, आणि सहकारी पतव्यवस्थेची शिस्त तिथून जी ढिली झाली ती आजतागायत. पुढे १९९१ला देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. फिजिक्सच्या प्राध्यापकाला अर्थखातं देणं हे समाजवाद्यांनाच सुचू शकतं.

केळीचं_खोड

तटस्थराव, अर्धं पटलं, अर्धं नाही.

आम्ही रावेर तालुक्यातले, केळी आणि थोडी कपाशी. आमच्या आबांनी ८९च्या उन्हाळ्यात आजीची पुतळ्यांची माळ मोडून सोसायटीचं कर्ज भरलं. वर्षभरात माफी आली. शेजारच्या बांधावरच्याने काही भरलं नव्हतं, त्याचं माफ झालं. आबा मरेपर्यंत एकच वाक्य बोलायचे: "इमानदारीचं व्याज मी भरलं." तेव्हा तुमच्या शून्याची किंमत आमच्या घरात माळेएवढी आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. त्याच गावात कोरडवाहू दोन-दोन एकरवाले होते. त्यांचं मूळ कर्ज अडीच-तीन हजार, व्याज धरून आठ-नऊ हजार. ते कधीच फिटणार नव्हतं. बोजा उतरल्यावर त्यांना परत सोसायटीच्या दारात उभं राहता आलं, नाहीतर सावकार होताच. आबांनाही हे दिसत होतं. माळ आठवली की ते विसरायचे, एवढंच.

बाकी दंडवत्यांना फिजिक्सवाले म्हणून हिणवू नका. त्यांच्या आधीचे अर्थमंत्री काय सगळे अर्थशास्त्री होते का?

सराफकट्टा

सोन्याचा विषय निघालाय तर जळगावकराला बोलावं लागणारच.

तटस्थ_राहिलो, १९९१चं सोनं तुम्ही दंडवत्यांच्या खात्यावर मांडलंत, ते चुकलं. व्ही. पी. सिंगांचं सरकार ७ नोव्हेंबर १९९०ला पडलं. सोनं बाहेर गेलं ते ९१च्या मे आणि जुलैमध्ये: आधी चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन, मग नरसिंह राव आल्यावर सुमारे ४७ टन. मधे आखाती युद्धाने तेल भडकलं होतं. आणि तूट काय एका वर्षात झाली का? ८०च्या दशकभर उधारीवरच चाललं होतं. दंडवत्यांच्या वर्षात ती थांबली नाही, हा आरोप करा, तो बरोबर आहे.

पण सोन्याच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते आमच्या गल्लीत विचारा. सुवर्ण नियंत्रण कायदा! १९६३ला मोरारजीभाईंनी आधी नियम आणले. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. आजोबा सांगायचे, १४ कॅरेटची पाटली लेकीला देताना बाप तोंड फिरवायचा, इतकी ती निस्तेज दिसे. कारागीर देशोधडीला लागले, कुणी हातगाडी लावली, कुणी मिलमध्ये गेले. कॅरेटची अट काही वर्षांनी गेली, पण १९६८च्या कायद्याने लायसन, रजिस्टर, झडती हे सगळं राहिलंच. घरात बिस्कीट ठेवणं गुन्हा. आणि ज्याच्यासाठी हे केलं ती तस्करी? ती जोरात. दुबईहून येणाऱ्या लाँचला कायद्याने काही फरक पडत नव्हता, फरक पडत होता आमच्या भट्टीला.

१९९०च्या बजेटमध्ये दंडवत्यांनी तो कायदा रद्द करायचं जाहीर केलं आणि जूनपर्यंत तो गेलासुद्धा. समाजवादी माणूस, स्वतःच्या अंगावर गुंजभर सोनं नसेल, आणि सोन्यावरचं लायसन-राज त्याने उठवलं. जळगावचा सराफ बाजार आज जो दिसतो, नाशिक-औरंगाबादहून लग्नाचा बस्ता आटोपून लोक सोन्याला इकडे येतात, त्याचं सगळं श्रेय मी एका बजेटला देणार नाही. इथल्या पेढ्यांची शुद्धतेची पत त्याआधीची आहे. पण ९०च्या आधी दुकानात इन्स्पेक्टर शिरला की वडिलांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय.

तटस्थ_राहिलो

सराफकट्टा, ९१ची दुरुस्ती मान्य. सोनं त्यांनी गहाण टाकलं नाही, वाक्य मागे घेतो. सुवर्ण कायद्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

कर्जमाफीवर मात्र मी हटत नाही. खोडभाऊंच्या आबांचं वाक्यच माझा मुद्दा आहे.

चिमठाणे_फाटा

मी धुळ्याकडचा. सगळे फोम आणि सोनं लावून बसले, मी जरा पोटातलं बोलतो.

कोकण रेल्वे. दंडवत्यांचं खरं स्मारक तेच. रेल्वेमंत्री असताना त्यांनी ती पुढे रेटली. मग सरकार गेलं. मग दहा वर्षं विरोधी बाकांवरून तेच तुणतुणं. मग ८९ला सरकार आलं, तर जॉर्ज रेल्वेमंत्री आणि हे अर्थमंत्री. एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं, दोघेही समाजवादी, दोघांची सासुरवाडी-माहेर सगळं पश्चिम किनारा! १९९०च्या जुलैत कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं. केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. बाकी पैसा रोख्यांतून. ई. श्रीधरन नेमले. जानेवारी १९९८ला ७४० किलोमीटर पूर्ण. सह्याद्री फोडून आठ वर्षांत!

आणि आमनं धुळं? आमना धुळाले रेल्वे म्हणजे चाळीसगावनी गाडी. इंग्रजांनी १९००च्या सुमारास टाकलेला ५६-५७ किलोमीटरचा फाटा, त्यावर आम्ही सव्वाशे वर्षं बसलोत. मनमाड-धुळे-इंदूर लाइनचं नाव मी पाळण्यात ऐकलं असेल. माझ्या आज्याने ऐकलं, बापाने ऐकलं. दरेक निवडणुकीत सर्वेक्षण. शेवटी सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मंजूर केली, ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींच्या वर. सह्याद्रीपेक्षा आमचा सातपुडा जास्त कठीण शे का?

मला सांगा, फरक कशाचा? मला वाटतं फरक चिकाटीचा. एक माणूस एकाच मतदारसंघातून २० वर्षं एकच मागणी घेऊन उभा राहिला. सत्तेत असताना आणि नसताना. आमच्याकडे माणूस बदलतो, पक्ष बदलतो, बॅनर बदलतं, सर्वेक्षण तेच.

कोकणी_जावई

चिमठाणे_फाटा, मी रत्नागिरीचा, बायको पारोळ्याची, नोकरी जळगावात. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय म्हणून बोलतो.

आधी दुरुस्ती: सासुरवाडी-माहेर वगैरे गंमत ठीक, पण दंडवते कोकणातले नव्हतेच, नगरचे. जॉर्ज मंगळूरचे. लोक दंडवत्यांना कोकणचा माणूस समजतात हे त्यांचं यश. राजापूर म्हणजे तेव्हा अर्धा रत्नागिरी आणि सगळा सिंधुदुर्ग. माझे वडील सांगायचे, सभेला हा माणूस एसटीने यायचा, आणि भाषणात तक्ता मांडल्यासारखं सांगायचा: बोगदे किती, खर्च किती, पैसा कुठून. लोकांना वाटायचं रेल्वे उद्या येणार. आली तेव्हा वडील नव्हते.

आणि आता कडू गोष्ट. कॉर्पोरेशन जुलै १९९०ला झालं. पुढच्याच वर्षी, १९९१ला, राजापूरकरांनी दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. रेल्वेचं काम डोळ्यांसमोर सुरू होतं आणि ती आणणारा माणूस घरी गेला. आमच्या गावात याची लाज काही लोकांना अजून वाटते, बऱ्याच जणांना आठवतही नाही. तेव्हा चिकाटीच्या माणसाला लोक निवडून देतातच असं नाही, दादा. २० वर्षं दिलं, हेच खूप झालं म्हणायचं.

चिमठाणे_फाटा

जावईबापू, हाई माले माहीत नव्हतं. पाडलं? रेल्वे देऊन?

अक्राणी_डायरी

धाग्याचा मूळ प्रश्न प्राध्यापक-कार्यकर्ता-लोकप्रतिनिधी असा आहे. मी धडगावकडे शिक्षक आहे. इथून हा प्रश्न जरा वेगळा दिसतो.

आमच्याकडे पहिले दोन टप्पे झाले, तिसरा झालाच नाही. मेधाताई पाटकर टाटा समाजविज्ञान संस्थेतलं पीएच.डी.चं काम अर्धवट टाकून नर्मदेच्या खोऱ्यात आल्या. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली पहिलं. नकाशे वाचायचे, पाण्याची पातळी मोजायची, जागतिक बँकेच्या कागदांतली चूक काढायची, हे काम अभ्यासकाचंच होतं. १९९३ला त्या बँकेचं उरलेलं कर्ज भारत सरकारने सोडून दिलं, त्यात या कागदी लढाईचा वाटा मोठा. पण २०१४ला त्या लोकसभेला उभ्या राहिल्या, त्या ईशान्य मुंबईतून, आणि पडल्या. नंदुरबारमधून का नाही, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. नंदुरबार राखीव आहे हे सरळ उत्तर. पण त्याच्याही खाली एक उत्तर आहे: खोऱ्यातली माणसं त्यांच्यामागे जीव द्यायला तयार होती, पण एका लोकसभा मतदारसंघात ती किती? बुडणारे नेहमी थोडे असतात.

दंडवत्यांचं तसं नव्हतं. रेल्वे सगळ्या कोकणाला हवी होती. चळवळीची मागणी आणि बहुसंख्येची मागणी एकच असेल, तर प्राध्यापक निवडून येतो. नसेल तर तो फक्त आदरणीय होतो.

भौतिकवाला

अक्राणी_डायरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यावर मात्र थोडा अडलो. दंडवत्यांच्या सगळ्याच मागण्या बहुसंख्येच्या नव्हत्या. आणीबाणी बघा. २६ जून १९७५ला ते बंगळुरात होते, संसदीय समितीच्या कामासाठी. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि हे, चौघांना तिथेच पकडलं. प्रमिलाताई येरवड्यात, हे बंगळुरात. दीड वर्षाच्या आसपास नवरा-बायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत. तेव्हा बहुसंख्य लोक गप्प होते, आणि गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूशही होते. भुसावळला तर हे वाक्य मी रोज ऐकायचो.

अंमळनेरची_लेक

सर, या वाटेचा पहिला माणूस आपल्याच गावचा होता, त्याला कुणी बोलावलंच नाही म्हणून मी येते.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. छात्रालय सांभाळायचे, हस्तलिखित दैनिक काढायचे. ३०च्या सत्याग्रहात नोकरी सोडून गेले ते कायमचे. १९३२ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. ३६ला फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव हिंडले. नंतर पूर्व खान्देशात शेतसाऱ्यासाठी, अंमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी लढले. पण निवडणूक? कधीच नाही. दंडवत्यांची पिढी गुरुजींच्या मांडीवर वाढलेली, सेवा दलातली. त्यांनी गुरुजींकडून ओलावा घेतला आणि वर आकडेमोड शिकून घेतली.

माझे आजोबा छात्रालयात होते. ते म्हणायचे, गुरुजी विधिमंडळात गेले असते तर तिसऱ्या दिवशी रडत बाहेर आले असते. प्रेमाने म्हणायचे. मला ते अर्धंच पटतं, कारण १९४७ला पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषणाला बसलेला माणूस रडका नव्हता.

केळीचं_खोड

अंमळनेरची_लेक +१. तुरुंगातल्या प्रवचनांची गोष्ट पोरांना सांगितली पाहिजे. धुळ्याची पोरं त्या तुरुंगावरून रोज क्लासला जातात.

नवमतदार_शिरपूर

मी २२ वर्षांचा आहे, धाग्यातली निम्मी नावं पहिल्यांदा वाचली. एक प्रश्न विचारू का? शिक्षक मतदारसंघ म्हणजे काय? शिक्षकांना दोन मतं असतात?

पुण्याची_खान्देशी

विचार ना भाऊ, त्यात काय. विधानसभेला सगळे मत देतात. विधान परिषद वेगळी, महाराष्ट्रात तिच्या ७८ जागा. त्यात ७ शिक्षकांच्या, ७ पदवीधरांच्या. आपल्याकडे नाशिक विभाग: नाशिक, नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून एक शिक्षक आमदार, एक पदवीधर आमदार. माध्यमिकपासून वर शिकवणारे शिक्षक त्यात नाव नोंदवू शकतात. पदवीधराने पदवी मिळून तीन वर्षं झाली की नोंदवायचं. आपोआप होत नाही, दर वेळी नव्याने फॉर्म भरावा लागतो. तू पदवीधर असशील तर लक्षात ठेव.

कल्पना अशी होती की शिकल्या-सवरल्यांचा आवाज सभागृहात जावा. आता तिथे कोण जातं ते ज्याचं त्याने बघावं.

संपादक मंडळ

सध्याच्या आमदार-उमेदवारांची नावं धाग्यात आणू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत.

सराफकट्टा

काढलेल्यांपैकी एक माझा होता. बरोबर काढला.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: आजही प्राध्यापक निवडून येतात, भरपूर येतात. पण ते आधी संस्थाचालक होतात, मग आमदार. दंडवते सिद्धार्थ कॉलेजात उपप्राचार्य होते, संस्था त्यांची नव्हती. नांगराला जुंपलेला बैल आणि शेताचा मालक यांत जेवढा फरक तेवढा. एन. डी. पाटील सरांचंही तसंच, रयत शिक्षण संस्थेतले प्राध्यापक, शेकापचे आमदार, ७८च्या पुलोद आघाडी सरकारात सहकारमंत्री, आणि म्हातारपणी पुन्हा टोलसाठी कोल्हापूरच्या रस्त्यावर. मंत्रिपदावरून रस्त्यावर परत येता आलं पाहिजे. संस्था असली की परत येता येत नाही, अनुदान अडकतं.

तटस्थ_राहिलो

हा प्रतिसाद चोख. सहमत. (नोंद घ्या, मी सहमत झालोय.)

लोकोशेड

दंडवते नोव्हेंबर २००५ मध्ये गेले. देहदान केलं होतं, जे. जे. रुग्णालयाला. त्या दिवशी चाळीतले ते काका, वय ७०च्या पुढे, स्टेशनवर जाऊन बसले होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "गीतांजली बघायले." गाडी आली, उभी राहिली, गेली. हे उठून घरी आले. त्यांच्या घरात दंडवत्यांचा फोटो वगैरे काही नव्हता.

भौतिकवाला

शंभरच्या वर प्रतिसाद जाईल असं वाटलं नव्हतं, तसा तो गेलाही नाही, पण जे आले ते ऐवज आहेत.

त्या भरीत पार्टीतल्या विद्यार्थ्याला हा धागा पाठवला. त्याचा फोन आला. म्हणतो, "सर, वाचला सगळा. मग उभे राहताय ना?" म्हणजे त्याने वाचलेला नाही.

चिमठाणे_फाटा

सर, तुम्ही उभे राहा, आम्ही धुळ्याहून प्रचाराला येतो. चाळीसगावपर्यंत गाडी, पुढे बदलून.

ता.क. शिंदखेड्याकडच्या मामांचा निरोप आहे. नव्या लाइनची मोजणी त्यांच्या बांधापर्यंत आली म्हणे. विहीर एका बाजूला राहते आणि शेत दुसऱ्या बाजूला. कोकणी_जावई, तुमच्याकडे ९०-९१ला रेल्वेत जमीन गेलेलं कुणी जवळचं असेल, तर त्यांनी विहिरीचं काय केलं ते विचारून सांगा ना. मामा थांबलेत.

कोकणी_जावई

आमच्याकडे विहिरी नव्हत्या, आंबे गेले. झाडामागे पैसे मिळाले होते. चुलत्यांना रात्री फोन करतो. मामांना सांगा, मोजणीवाल्यांनी कागद दिला असेल तर त्यावर विहीर लिहिली आहे का ते आधी बघा.